पाच हजारांत जुनं जपानी घड्याळ : नव्यासारखी डायल दिसली की थांबा

प्रश्न असा आहे : ‘कोल्हापुरात राहतो. पाच हजारांच्या आत जुनं जपानी ऑटोमॅटिक घड्याळ घ्यायचंय. कुठलं मॉडेल चांगलं? एकानं सिको ५ दाखवलंय, निळी डायल, अगदी नव्यासारखं चकाकतंय. घेऊ का?’

घेऊ नका. फोटो न बघताच सांगतोय. चाळीस वर्षांच्या घड्याळाची डायल नवी दिसायला दोनच कारणं असतात. एक तर ते पेटीतून कधी बाहेरच आलं नाही, आणि तसं घड्याळ पाच हजारांत कुणी देत नाही. नाहीतर डायल खरवडून पुन्हा रंगवलेली असते. बाहेरदेशीचे संग्राहक अशा घड्याळांना सरसकट ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्याकडच्या प्रत्येक घड्याळावर त्यामुळं संशय घेतला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

मॉडेलचं नंतर सांगतो. आधी इथल्याच लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारातून आलेलं एक सिको ५ उघडल्यावर आत काय निघालं ते पुरतं सांगतो, कारण तुमच्या निळ्या डायलचं उत्तर त्यातच आहे.

तक्रार एवढीच होती : रोज रात्री बाराच्या आसपास घड्याळ थांबतं. हलवलं की पुन्हा चालतं. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, ‘ऑईल संपलंय, सोडून घ्या.’

मागच्या झाकणावर ६३०९नं सुरू होणारा आकडा आणि आत मशीन ७००९. सिकोच्या झाकणावर डॅशच्या आधीचे चार आकडे मशीनचे आणि नंतरचे बॉडीचे. आधीचे चार आतल्या मशीनशी जुळलेच पाहिजेत. जुळले नाहीत, म्हणजे दोन घड्याळांचं एक केलंय. मग डायल. मूळ डायलवर सहाच्या खाली अगदी काठाला बारीक अक्षरांत एक ओळ असते. तिच्यातही पहिले चार आकडे मशीनचेच. (पुढचे आकडे झाकणापेक्षा वेगळे असतात, त्याला घाबरू नका.) इथं ती ओळच नव्हती. दहापट भिंगाखाली मिनिटांच्या रेघा जाड, शाई फुगून वर आलेली, तासांच्या चिकटवलेल्या खुणांच्या कडेवर निळा रंग चढलेला आणि तारखेच्या खिडकीची कड खरखरीत. मूळ डायलवर ही कड धारदार असते.

काटे काढून डायल उचलायला गेलो तर ती उचलेना. डायलच्या मागे दोन बारीक पाय असतात, त्यावर ती मशीनमध्ये बसते. रंगवताना ते दोन्ही पाय मोडले होते आणि डायल गोंदानं चिकटवली होती. डायलच्या लगेच खाली वाराची चकती फिरते. गोंद ओघळून चकतीच्या कडेला लागला होता. रात्री मशीन वार आणि तारीख ओढायला लागलं की तो जादा भार त्याला झेपायचा नाही, म्हणून बाराला थांबायचं. एरवी दिवसभर ठीक. रोज ठरलेल्या वेळेला थांबणारं घड्याळ दिसलं की आधी वार-तारखेच्या बाजूला बघायचं, तेलाकडे नंतर.

पण तेल सोडून झालेलंच होतं. अख्खं मशीन पेट्रोलमध्ये बुडवून काढायचं आणि वरून तेलाचे थेंब सोडायचे, याला आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सर्व्हिसिंग म्हणतात. त्यानं वरचा मळ जातो. ज्वेलच्या (चाकांचे अक्ष टेकतात त्या बारीक खड्यांच्या) खालचं, डायाशॉकच्या (धक्का झेलणाऱ्या बैठकीच्या) आतलं आणि स्प्रिंगच्या डब्यातलं सुकलेलं तेल तसंच राहतं. वर सोडलेलं नवं तेल पसरत हेअरस्प्रिंगवर, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणाऱ्या बॅलन्स चाकाच्या बारीक स्प्रिंगवर, गेलं होतं. तिचे वेटोळे एकमेकांना चिकटले की स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढं पळतं. पळतंय म्हटल्यावर कुणीतरी रेग्युलेटर (चाल कमी-जास्त करायची पट्टी) पार ‘मायनस’कडे ढकलून ठेवला होता. एकावर एक चुका. स्प्रिंगच्या डब्याचंही तेच. ऑटोमॅटिकमध्ये मेनस्प्रिंगचं (घड्याळ चालवणाऱ्या मुख्य स्प्रिंगचं) बाहेरचं टोक डब्याच्या भिंतीवर घसरायचं असतं, पण पूर्ण भरल्यावरच. त्यासाठी भिंतीला वेगळं, पकड धरणारं ग्रीस लागतं. तिथं साधं तेल लावलं की स्प्रिंग अर्धी भरतानाच घसरते. मग दिवसभर हातात घालूनही सकाळी बंद.

घड्याळ पूर्ण खोललं, धुतलं, प्रत्येक ज्वेलला मोजून तेल दिलं, पॅलेटच्या (चाकाला ठोक्याठोक्यानं सोडणाऱ्या भागाच्या) पिव्हटना, म्हणजे टोकांना, कोरडंच ठेवलं (तिथं तेल लावायचंच नसतं), डब्यात योग्य ग्रीस लावलं. एक जुनी मूळ ७००९ची डायल शोधली, डाग पडलेली, पण आपल्या पायांवर उभी राहणारी. डायल बदलताना एक बघा : चावी तीनच्या जागी असलेल्या आणि चारच्या जागी असलेल्या घड्याळांच्या डायलचे पाय वेगळ्या ठिकाणी असू शकतात. मशीन तेच असलं तरी डायल बसेलच असं नाही. हे घड्याळ आता बाराला थांबत नाही. डागांसकट ते निळ्यापेक्षा देखणं आहे, आणि हे मी मनापासून म्हणतोय.

आता मॉडेल. सिको ५ ही मालिका १९६३ पासूनची. तुमच्या पैशात ७००९ घ्या, किंवा त्याच्या आधीचं ६११९ चांगल्या हालतीत मिळालं तर ते. दोन्ही चावी फिरवून भरत नाहीत, हातात घालून किंवा आडवं हलवूनच भरतात. चावी फिरवल्यावर काही होत नाही म्हणून बिघडलंय असं समजू नका. दोन्ही ताशी २१,६०० ठोक्यांची, म्हणजे सेकंदकाटा सेकंदाला सहा पावलं टाकतो. ७००९ सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आलं, आणि १९९६ साली ७एस२६ आल्यावर मागं पडलं. सिरियल नंबरचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिन्याचा. ऑक्टोबरला ‘ओ’, नोव्हेंबरला ‘एन’, डिसेंबरला ‘डी’. दशक मशीनवरून ओळखायचं : ६११९वर २ असेल तर १९७२.

चावी फिरवून भरायची हौस असेल तर सिटिझनचं ८२०० मालिकेतलं मशीन बघा. ऑटोमॅटिक आहे आणि चावीनंही भरतं. शिवाय एचएमटीचा बंगळूरचा घड्याळ कारखाना १९६१ साली सिटिझनच्याच सहकार्यानं उभा राहिला, त्यामुळं जुन्या कारागिरांचा हात या घराण्यावर बसलेला असतो. रिको मी सुचवणार नाही. मशीन वाईट नाही, पण बाजारात रंगवलेल्या डायली सगळ्यात जास्त त्यातच दिसतात. ओरिएंट धड मिळालं तर जरूर घ्या.

घेताना घड्याळ थंड, थांबलेलं मागा. हातात आधीच चालू करून दिलेलं नको. आडवं दोनदा हलवल्यावर काटा लगेच निघाला पाहिजे. काटे फिरवून बारा ओलांडा, वार आणि तारीख पूर्ण बदलतात का बघा. चावीनं तारीख ढकलून बघायची असेल तर आधी काटे सहाच्या आसपास आणा. रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान काटे असताना ढकललं तर आतल्या चाकाचं बोट मोडतं. दिवसभर घालून रात्री डायल वर करून ठेवा. छत्तीस तासांच्या आत थांबलं तर सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच भाव करा. पाचातले दोन हजार सर्व्हिसिंगला बाजूलाच ठेवा.

झाकण उघडून दाखवायला नकार दिला तर उठून या. कोल्हापुरात हे विशेष महत्त्वाचं. २०१९ आणि २०२१च्या पुरात बुडालेली घड्याळं वाळवून, पुसून बाजारात येऊ शकतात. चावीच्या दांड्यावर तांबूस गंज, रोटरच्या (हात हलला की फिरणाऱ्या वजनाच्या) बेअरिंगजवळ तपकिरी पूड, झाकणाच्या रबराजागी काळा चिकट थर, यातलं काही दिसलं तर नको. उद्यमनगरात किंवा शिरोलीत कारखान्यात मॅग्नेटिक चकवर (लोखंड चुंबकानं धरून ठेवणाऱ्या साधनावर) काम करणाऱ्याच्या हातातलं घड्याळ असेल तर ते चुंबकानं भारलेलं असू शकतं, तेही पुढं पळतं. साधं होकायंत्र जवळ धरा. सुई हलत्या बॅलन्सबरोबर थरथरली तर भारलंय. डीमॅग्नेटायझरनं ते काही सेकंदांत उतरतं. म्हणून पळणाऱ्या घड्याळाचा रेग्युलेटर आधी हलवायचा नाही.

कुठं मिळेल, तर रविवारी लक्ष्मीपुरीत सकाळी लवकर जा, आणि जुन्या घड्याळ दुरुस्तीवाल्यांना ‘कुणी सोडून गेलेलं आहे का’ असं विचारा. दुसरा मार्ग जास्त चांगला.

आणि गुजरीत, सराफांच्या बाजारात, बफ मारणाऱ्या (फिरत्या चाकावर घासून चकाकी आणणाऱ्या) माझ्या मित्राशी जो वाद वर्षानुवर्षं चालू आहे, तो इथं लिहूनच टाकतो. त्याचं म्हणणं, ‘भावा, चकाकी आली की किंमत येतीय.’ येत नाही. सिकोच्या बऱ्याच स्टीलच्या बॉडीवर वरचा भाग रेघांचा आणि बाजू गुळगुळीत असतात, मधे धारदार कड. बफचं चाक ती कड पहिल्यांदा खातं, पट्टा अडकतो ते कान गोल होतात. मागच्या झाकणावर जरा जास्त वेळ धरलं की सिरियल नंबर पुसला जातो, आणि मग ते घड्याळ कधीचं हे कुणालाच सांगता येत नाही. ज्या बॉडीवर क्रोमचा मुलामा आहे (झाकणावर ‘बेस मेटल’ लिहिलेलं असतं), तिथं एका मिनिटात खालचं पितळ वर येतं. सोन्याच्या दागिन्याला ते चालतं, घडणावळ पुन्हा करता येते. घड्याळाची कड परत आणायला वेगळी यंत्रं लागतात, ती त्याच्याकडे नाहीत आणि माझ्याकडेही नाहीत.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. वडिलांच्या किंवा आजोबांच्या हातातलं घड्याळ रंगवलेलं असेल तर यातलं काही लावू नका, ते आहे तसं घाला. आणि झाकणावर ‘वॉटर रेझिस्ट’ लिहिलंय म्हणून जुलैच्या पावसात नेऊ नका. झाकणाचं आणि चावीचं दोन्ही रबरं बदलून दाबावर तपासल्याशिवाय ते शब्द १९८०चे आहेत असं धरा. स्टीलचा पट्टा मात्र खुशाल बफला द्या, बॉडीतून काढून.