जुनी मसल कार घ्यावी की नवी स्पोर्ट्स कूप?

तुमचा प्रश्न असा, की १९६६ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ ही मसल कार (म्हणजे मोठ्या इंजिनाची ताकदवान अमेरिकन गाडी) ३३५ हॉर्सपॉवरची आणि आताची टोयोटा जीआर ८६ ही दोन दारांची कूप फक्त २२८ ची, मग जुनीच भारी ना? मी डेट्रॉइटजवळ राहतो. जीआर ८६ माझी, आणि नेमकी तीच जीटीओ शेजारच्या निवृत्त काकांकडे. दोन-तीनदा आम्ही किल्ल्या बदलून गाड्या फिरवल्यात, म्हणून लिहितोय.

आधी त्या आकड्यांचं. १९७२ पूर्वी अमेरिकेत कंपन्या जाहिरातीत जी ताकद सांगायच्या ती स्टँडवरच्या उघड्या इंजिनाची. एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही. आता सगळं जोडून मोजतात. त्यामुळे ३३५ आणि २२८ एका तराजूत घालूच नका. शिवाय माझी गाडी १,२८० किलोच्या आसपास, काकांची १,६०० च्या घरात.

तरीही जीटीओचं ते ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन म्हणजे काय चीज आहे! चौथ्या गिअरमध्ये रमतगमत चाललेली असताना नुसता पाय दाबला, तरी कुरकुर न करता ओढते. माझ्या गाडीत त्याच जागी दोन गिअर खाली यावं लागतं.

पण वळण आलं की सगळं उलटं. जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक. १९६६ साली डिस्क मिळतच नव्हते, पर्याय म्हणून आले ते १९६७ ला. पहिल्यांदा चालवली तेव्हा पुढचा सिग्नल लाल झाला, मी सवयीने हलकासा ब्रेक दाबला आणि गाडी काही मनावर घेईना. शेवटी जवळजवळ उभा राहून दाबला, तेव्हा कुठे झेब्रा क्रॉसिंगवर थांबली, तीही थोडी डावीकडे ओढत. काका बाजूला शांत बसले होते.

थंडीत सुरू करायची तर अ‍ॅक्सिलरेटर दोनदा दाबायचा, म्हणजे चोक (गार इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप) बसतो, मग किल्ली. गराजभर पेट्रोलचा वास. मला थेट बाबांची पद्मिनी आठवते, फक्त तिचा चोक हाताने ओढावा लागायचा. माझी टोयोटा बटण दाबलं की सुरू. तिच्या इंजिनाचा आवाज मात्र स्पीकरमधून वाढवून ऐकवतात, आणि हा बनाव मला अजून पचलेला नाही. मागच्या सीटवर भाजीच्या पिशव्या बसतात, माणूस नाही.

तुमच्याकडे एकच गाडी असणार असेल तर डोळे झाकून कूप घ्या. जीटीओ दुसरी गाडी म्हणून, तीही बंद गराज असेल तरच. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते जुना पत्रा खातं.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथल्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू या रस्त्यावर जुन्या गाड्यांची रांग लागते. त्या दिवशी माझी गाडी घरीच असते, मी काकांच्या शेजारी.