वाचन भरपूर, निबंध मात्र अडलेला

‘सगळं वाचून झालंय, पण निबंध लिहायला बसलं की पहिलं वाक्यच सुचत नाही.’ आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात ग्लोबल पॉलिटिक्स, म्हणजे जागतिक राजकारण, हा विषय घेतलेल्या मुलांची ही तक्रार मे महिन्याच्या परीक्षेआधी हमखास कानावर येते, आणि ‘पीस अँड कॉन्फ्लिक्ट’ या घटकाबद्दल तर सर्वांत जास्त. सानिकाची (नाव बदललं आहे) गोष्ट सांगते, कारण तिच्यासारखी अडलेली मुलं पुष्कळ असतात.

पहिल्या भेटीत आईच जास्त बोलल्या. ‘रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचते हो मॅडम. तरी टीचरचा शेरा तोच, टू डिस्क्रिप्टिव्ह, म्हणजे नुसतंच वर्णन. आता अजून किती वाचायचं पोरीने?’ सानिका गप्प होती. मांडीवर जाडजूड फाइल होती आणि तीत रवांडा, बोस्निया, कोलंबिया, नॉर्दर्न आयर्लंड, श्रीलंका, येमेन, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावलेली.

आईंना बाहेर बसवून मी तिला विचारलं, ‘येमेन कधी घेतलंस?’ गेल्या आठवड्यात, म्हणाली. त्याआधी काय झालं होतं? सरावाचा निबंध परत आला होता. बोस्निया कधी? पूर्वपरीक्षेनंतर. तेव्हा चित्र स्पष्ट झालं. लिहिण्याची धास्ती वाटली की ही मुलगी नवा संघर्ष वाचायला घेत होती. वाचताना कोणी मार्क कापत नाही, त्यामुळे जिवाला तेवढाच दिलासा. पण फाइल जितकी फुगेल तितकं निबंधात कोंबायचं ओझं वाढतं आणि पुढच्या वेळी हात आणखी अडतो. घरच्यांना ती अभ्यास करताना दिसते, त्यामुळे हे टाळणं आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

तिचा एक निबंध आम्ही समोर ठेवला. प्रश्न असा होता: शांतता करार झाला म्हणजे संघर्ष संपला, असं कितपत म्हणता येईल? तिने नॉर्दर्न आयर्लंड घेतलं होतं. 1921 ची आयर्लंडची फाळणी, 1969 मध्ये रस्त्यावर उतरलेलं ब्रिटिश सैन्य, त्याच सैन्याने मोर्च्यावर गोळ्या झाडल्या तो 1972 चा ब्लडी संडे, 1998 चा गुड फ्रायडे शांतता करार. सगळं बरोबर, क्रमवार. प्रश्नाचं उत्तर मात्र कुठेच नाही.

मी निबंध उलटा ठेवला. ‘तुला स्वतःला काय वाटतं? संपला?’

‘नाही ना. बेलफास्टमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंती अजून उभ्या आहेत. काही ठिकाणची फाटकं रात्री बंद करतात.’

‘पण तीन दशकांत साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली होती. ते तर थांबलं ना?’

ती जरा थांबली. ‘हो. तेच तर अवघड आहे.’

‘हे अवघड आहे’ हाच तिचा निबंध होता, आणि तोच तिने कागदावर येऊ दिला नव्हता. स्वतःचं मत मांडलं आणि परीक्षकाला पटलं नाही तर काय, ही भीती. मी तिला सांगितलं की मार्क मत कोणतं आहे याला नसतात. ते पुराव्यावर उभं आहे का आणि विरुद्ध बाजूला न्याय दिलाय का, हे बघतात.

मग गाल्टुंग कामाला आले. नॉर्वेच्या योहान गाल्टुंग यांची नकारात्मक आणि सकारात्मक शांततेची मांडणी तिला तोंडपाठ होती, पण निबंधात ती पहिल्या परिच्छेदात व्याख्या म्हणून येऊन नाहीशी व्हायची. आता तिने ती दाव्याला जोडली. गोळीबार थांबला, ही नकारात्मक शांतता. समाजातली दरी आणि अन्यायही मिटले, तर ती सकारात्मक. पण बहुसंख्य मुलं आजही कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा वेगळ्या शाळांत जातात, आणि 2023 पर्यंत भिंती काढायचं सरकारने 2013 मध्ये ठरवूनही त्या उभ्याच आहेत. याच्या पुढचा मुद्दा तर तिचा तिनेच काढला. करारानुसार तिथल्या विधानसभेच्या सदस्यांना आपण युनियनिस्ट (ब्रिटनसोबत राहू इच्छिणारे), नॅशनलिस्ट (आयर्लंडशी एकीकरण हवं असलेले) की अन्य, हे नोंदवावं लागतं. म्हणजे ज्या व्यवस्थेने हिंसा थांबवली, तीच जुनी ओळख पक्की करते, आणि एका गटाने अंग काढून घेतलं की 2017 ते 2020 आणि पुन्हा 2022 ते 2024 सारखं सरकारच ठप्प होतं. हे बोलताना ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती.

दुसरी गाठ जास्त नाजूक होती. कोलंबियातल्या बोहाया या गावात 2002 मध्ये लोक लढाईपासून जीव वाचवायला चर्चमध्ये शिरले आणि फार्क या डाव्या सशस्त्र संघटनेच्या बंडखोरांनी डागलेला गॅस सिलिंडरचा बॉम्ब त्याच चर्चवर पडला. मेलेल्यांत बरीच लहान मुलं होती. सानिका ते वाचून रडली होती. ‘त्यांचं मरण मी एका ओळीत एक्झाम्पल म्हणून लिहायचं आणि मार्क घ्यायचे? मला ते घाण वाटतं, मॅडम.’

अशी खंत वाटणारी मुलं मला फार जवळची वाटतात. ‘एवढं काय मनाला लावून घेतेस’ म्हणून ती उडवून लावू नये, ही पालकांना माझी कळकळीची विनंती. मी तिला विचारलं, ‘त्या गावाने 2016 च्या सार्वमतात काय केलं, ठाऊक आहे?’ तिला ठाऊक नव्हतं. फार्कशी झालेला करार देशाने अगदी थोडक्या मतांनी नाकारला, 50.2 टक्के ‘नाही’. बोहायात सुमारे 96 टक्के मतं ‘हो’ पडली. ज्यांनी सोसलं त्यांनीच करार मागितला. ‘ते कसे मेले एवढंच न लिहिता, जे मागे राहिले त्यांनी काय ठरवलं ते लिही. ते तुझ्या निबंधातलं सजावटीचं उदाहरण राहणार नाही, तुझा पुरावा होईल.’ हे तिला मानवलं.

बाकीचं रोजच्या शिस्तीचं. रात्री जेवणानंतर युद्धाचे व्हिडिओ आणि नोट्स दोन्ही बंद, कारण तिची झोप तिथेच उडत होती. फाइलमध्ये दोनच संघर्ष सखोल, तिसरा तुलनेपुरता. नवा विषय घ्यायची मुभा नाही. सरावाला प्रश्न हातात आला की आधी मोठ्याने बोलून उत्तर एका वाक्यात सांगायचं, मग त्याच्या विरुद्ध सर्वांत जोरकस काय म्हणता येईल ते सांगायचं, आणि त्यानंतरच पेन उचलायचं. आईंना एकच काम दिलं: ‘किती वाचलंस’ विचारायचं नाही, ‘आज कुणाशी भांडलीस’ असं विचारायचं.

सुरुवातीचे निबंध अर्धवट राहिले, वेळ पुरला नाही. पण ‘टू डिस्क्रिप्टिव्ह’ हा शेरा हळूहळू गेला. परीक्षेआधीच्या शेवटच्या भेटीत ती श्रीलंका घेऊन आली. तिथे 2009 मध्ये लष्करी विजयाने युद्ध संपलं, करारच झाला नाही. म्हणून कराराच्या उणिवा दाखवणाऱ्यांनी करार नसला तर काय होतं ते आधी श्रीलंकेत बघावं, असा तिचा दावा. मला तो पुरता पटला नाही. 1956 च्या ‘फक्त सिंहली’ कायद्यापासून साचत आलेल्या तमिळांच्या तक्रारी करारानेही सुटल्या असत्या का, असं मी विचारलं. तिने वहीत माझा आक्षेप लिहून घेतला, खाली रेघ मारली आणि म्हणाली, ‘थांबा, याचं उत्तर आहे माझ्याकडे.’