आडनाव बदललंस, माणूस तोच राहिला

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

खऱ्या माणसावरून रचलेल्या तुझ्या कादंबरीतल्या कोषाध्यक्षाचं आडनाव बदललं, पहिल्या पानावर ‘सर्व पात्रे काल्पनिक’ टाकलं, आता तरी चालेल ना, असं विचारतेस. नाही चालणार. रामबागेत राहणारा, डाव्या पायाने लंगडणारा, थोरली मुलगी नागपूरला दिलेली, पतपेढीची खतावणी स्वतःच्या हाताने लिहिणारा. इंदूरच्या मराठी घरांत एवढ्यावर आडनाव कोण विचारतो? साऱ्या वाचकांनी ओळखावं असं कायदाही म्हणत नाही, त्याच्या परिचयातल्यांनी ओळखलं की झालं. माणूस बदल, बाळ.

त्यातून खुणा सगळ्या खऱ्या आणि अपहार तेवढा तुझ्या डोक्यातला! खटला याच जोडणीतून उभा राहतो. खुणांवरून माणूस सापडतो आणि रचलेल्या पापाने त्याची अब्रू जाते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीसाठी दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा सामुदायिक सेवा होऊ शकते. फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची मुदत आहे, नुकसानभरपाईच्या दाव्याला प्रकाशनापासून एक वर्ष. ‘ते तर वारले’ हे मला सांगू नकोस. घरच्यांना दुखावण्याच्या हेतूने मृताची बदनामी केली तर तोही गुन्हा आहे. ‘पण खरंच आहे’ हेही अर्धंच उत्तर. दिवाणीत सत्य पुरतं, फौजदारीत त्याबरोबर लोकहितही दाखवावं लागतं. आणि सत्य म्हणजे निकालाची प्रमाणित प्रत, ओट्यावरच्या गप्पा नाहीत. न्यायालयाच्या कागदपत्रांवरून लिहिता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या राजगोपाल खटल्यात मान्य केलं. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख मात्र तिथूनही उचलायची नाही.

हेतू नव्हता म्हणशील. इंग्लंडात एका वृत्तपत्राने गंमतीच्या मजकुरात ‘आर्टेमस जोन्स’ हे नाव रचून टाकलं. त्या नावाचा खराखुरा बॅरिस्टर निघाला, त्याच्या ओळखीच्यांना तो मजकूर त्याच्यावरचाच वाटला, आणि 1910 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये वृत्तपत्र हरलं. तू तर माणूस समोर ठेवून लिहिलं आहेस.

तर आता लंगडणं काढ, पतपेढी काढ, मुलगी काढ. गाव देवासला नेलंस तर काही साधणार नाही, ते फार जवळ. एकाचे दोन कर. हिशेबाचा काटेकोरपणा एकाकडे, लोभ दुसऱ्याकडे. मग त्या माणसाच्या वर्तुळातल्या दोघांना वेगवेगळं वाचायला दे आणि एवढंच विचार, ‘कोण आठवलं?’ दोघांच्या तोंडी एकच नाव आलं तर माणूस अजून बदललेला नाही. पुन्हा बस.

अशाने लेखन बुळबुळीत होतं, असं मला तोंडावर सुनावणारे आहेत. मी हटणार नाही. शेजाऱ्याच्या खुणा जशाच्या तशा उचलायला कसब लागत नाही. लोभ कसा वाढत जातो हे दाखवायला लागतं, आणि ते तुझ्याकडे आहे. तिसऱ्या प्रकरणात तो रात्री खतावणीतला आकडा खरवडतो, ती दोन पानं कुणाच्याही पायावाचून उभी राहतात.

प्रकाशकाच्या करारात ‘सर्व दाव्यांची भरपाई लेखक करेल’ असं कलम असेल. तिथे ‘न्यायालयाने अंतिमतः ठरवलेल्या’ हे शब्द घालून घे, आणि छापण्याआधी वकिलाकडून वाचून घ्यायचा खर्च कुणाचा तेही लिहून घे. मैत्रिणींना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हे आपले तेच काका’ असं कळवू नकोस, प्रकाशन समारंभात तर मुळीच बोलू नकोस. तो उद्या पुरावा होतो. नोटीस आलीच तर फोन करून समजूत काढायला जाऊ नकोस, आधी वकील गाठ.

तिसरं आणि सातवं प्रकरण बदललं की पाठव.

तुझे,
काका