पहिला बास घेताना

भाऊ, बास गिटार घेतलास, छान केलंस. पण तो गिटारच्या छोट्या ॲम्पला लावून आवाज चढवू नकोस. जाड ई तारेचा सूर साधारण 41 हर्ट्‌झचा, त्यात स्पीकरचा कागद फाटू शकतो. आधी डीआय बॉक्स घे, म्हणजे बासचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी. अमळनेर-चोपड्याकडच्या लग्नातल्या ऑर्केस्ट्रात तुझा बास साउंडवाल्याच्या मिक्सरमधूनच जाणार. जनरेटरवर घूंऽऽ आवाज आला तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं (सिग्नलच्या केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारं) बटण दाबून बघ. ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढायची नाही, जिवावर बेततं. ॲक्टिव्ह बास, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला, असेल तर वाजवून झाल्यावर बासमधली केबल काढ, नाहीतर आतली 9 व्होल्टची बॅटरी उतरत राहते. आणि मे महिन्यात जळगावच्या उन्हात बास बंद गाडीत ठेवू नकोस रे, नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, वाकते.