मुलीला पोपट हवाय. पाळावा, की बाल्कनीतूनच पक्षी पाहावेत?

तुम्ही विचारलंय की मुलगी नऊ वर्षांची आहे, पोपट हवा म्हणून हटून बसली आहे, घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि समोर थोडी झाडं आहेत. तर पक्षी घरी आणावा की तिला बाहेरचेच दाखवावेत? मी पुण्यात पौड रोडच्या बाजूला राहते. वेताळ टेकडी घरापासून चालत दहा मिनिटांवर. गेली बारा वर्षं आमच्या घरात बजरीगार (पिंजऱ्यात पाळतात ते छोटे रंगीत परदेशी पक्षी) आहेत आणि बाहेरचे पक्षी मी त्यांच्यामुळेच नीट पाहायला लागले. म्हणून माझं उत्तर ‘दोन्ही’ असं आहे, पण आधी बाहेरचे आणि मग घरातले.

पोपटाचा विषय मात्र आधीच संपवू. तो नाही. आपल्याकडचा हिरवा, गळ्याला काळा-गुलाबी पट्टा असलेला पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. डोंगरी मैना, मुनिया यांचंही तेच. माझ्या आजोळी ओसरीवर राघूचा पिंजरा टांगलेला असायचा. आजी त्याला भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि मिरची द्यायची, तो ‘विठू विठू’ म्हणायचा, आणि तिचा त्याच्यावर जीव होता. पण तो राघू कुणीतरी ढोलीत हात घालून, पिल्लू असतानाच काढलेला होता. आजही पोपट असेच बाजारात येतात. मुलीला हे खरं खरं सांगा. नऊ वर्षांच्या मुलांना हे बरोबर कळतं.

कायद्याने पाळता येतात ते परदेशी पक्षी. ऑस्ट्रेलियातले बजरीगार आणि कॉकटील, आफ्रिकेतले लव्हबर्ड. दुकानात गोंधळ होतो, कारण आपल्याकडे बजरीगारलाच सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात आणि कॉकटीलला ‘कॉकटेल’. मकाव, आफ्रिकन ग्रे असे मोठे पक्षी घेतले तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि ते चाळीस-पन्नास वर्षं जगतात. पहिल्यांदा पाळणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊच नये. बजरीगार नीट सांभाळला तर सात-आठ वर्षं जगतो, म्हणजे तुमची मुलगी कॉलेजला जाईपर्यंत. एवढा काळ तुम्ही बांधले जाणार आहात का, हा विचार तिने नाही, तुम्ही करायचा.

आमचा पहिला बजरीगार एकटाच आणला होता. निळा नर, नाव नीळू. आठ महिन्यांत तो गेला, आणि माझ्या चुकीने गेला. एका रविवारी नॉनस्टिक तवा मोठ्या आचेवर ठेवला आणि दारात आलेल्या शेजारणीशी बोलत राहिले. रिकामा तवा धुरावला. आम्हाला नुसता ठसका लागला. नीळू पिंजऱ्याच्या तळाशी पडला होता. पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि श्वास सोडतानाही ताजी हवा फुप्फुसातून वाहत असते. उडण्यासाठी ती सोय आहे, पण त्याच सोयीमुळे विषारी वायूही त्यांच्या अंगात आपल्यापेक्षा कितीतरी लवकर भिनतो. इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्षी नेत ते याचसाठी. त्या तव्यावरचा थर जास्त तापला की त्यातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारतो, हे मला नीळू गेल्यावर कळलं. तेव्हापासून आमच्याकडे बिडाचा तवा आहे. डासांची कॉइल, रूम फ्रेशनर बंद, आणि उदबत्ती फक्त बाहेर तुळशीपाशी. तुम्ही पक्षी आणणार असाल तर आणण्याच्या आधी हे करा, नंतर नाही.

मग वर्षभराने जोडी आणली. एकटा बजरीगार दिवसभर रिकाम्या घरात बसवणं वाईट. निसर्गात ते थव्याने राहतात, आणि तुम्ही दोघंही नोकरीला जात असाल तर त्याला सोबत पाहिजेच. चोचीच्या वर, नाकपुड्यांपाशी मऊ गादीसारखा भाग असतो. मोठ्या नराचा तो निळा असतो, मादीचा तपकिरी. काही रंगांच्या पक्ष्यांत हे ओळखणं फसतं, पण बहुतेक वेळा जमतं. पिल्लं नको असतील तर दुकानदार सोबत देतो ते मडकं घेऊच नका. मडकं दिसलं की मादी अंडी घालायला बसते, आणि वारंवार अंडी घालून तिचं शरीर खंगतं.

पिंजरा उंच नको, लांब हवा. ते आडवे उडतात, सरळ वर नाही. आमचा तीन फूट लांब आहे आणि बसायला प्लॅस्टिकच्या दांड्या काढून पेरूच्या फांद्या लावल्यात, जाड-बारीक, म्हणजे पायांना व्यायाम होतो. खायला राळं (दुकानात ‘कांगणी’ म्हणून मागा), थोडी बाजरी, आणि रोज ओली पालेभाजी. कोथिंबिरीची ओली जुडी पिंजऱ्यात टांगली की आधी ते तिच्यात लोळून आंघोळ करतात आणि मग ती खातात. हे पाहण्यासाठी माझी सकाळची चहाची वेळ मी कधीच बदललेली नाही. चॉकलेट आणि अॅव्होकाडो मात्र कधीही नाही.

आणि रोज त्यांच्याकडे पाहायचं. आजारी पक्षी आजार लपवतो, कारण थव्यातला अशक्त पक्षी शिकाऱ्याच्या आधी नजरेत येतो. दिवसाढवळ्या पिसं फुगवून बसणं, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होणं, दांडी सोडून तळाशी बसणं, हे दिसलं तर ‘उद्या पाहू’ म्हणायचं नाही. मी दर रविवारी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर त्यांचं वजन करते. पस्तीस ग्रॅमच्या आसपास असतं. तीन-चार ग्रॅम उतरलं की डॉक्टर. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी तपासत नाहीत, तेव्हा तपासणारा कोण आहे हे पक्षी आणायच्या आधी शोधून ठेवा.

या रोजच्या पाहण्यानेच मला बाहेरचं जग उघडून दिलं. एका दुपारी आमची बडबडी जोडी एकदम गप्प झाली. पिसं अंगाशी घट्ट, मान तिरकी, एक डोळा आभाळाकडे. मी खिडकीतून पाहिलं तर समोरच्या शिरीषावर शिक्रा, छोटे पक्षी मारून खाणारा ससाण्यासारखा पक्षी, येऊन बसला होता. कित्येक पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेले हे पक्षी; त्यांनी शिक्रा कुठे पाहिला असणार? तरी त्यांना कळलं. त्याच क्षणी बाहेर खारी ओरडायला लागल्या आणि बुलबुल झुडपात शिरले. त्या दिवसापासून मी नुसता पक्षी शोधत नाही, गोंधळ शोधते. बुलबुल आणि साळुंक्या एकाच जागी एकदम कलकलाट करायला लागल्या की तिथे मांजर असतं, नाहीतर घरट्यातली पिल्लं उचलायला आलेला भारद्वाज, नाहीतर दिवसा सापडलेला पिंगळा, म्हणजे छोटं घुबड. तुमच्या मुलीला ही एक गोष्ट शिकवलीत तरी तिला दुर्बिणीशिवाय खूप काही दिसेल.

तिसऱ्या मजल्याचा एक फायदा तुमच्या लक्षात आला नसेल. झाडांचे शेंडे तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर येतात. जमिनीवरच्या माणसाला तांबट नुसता ऐकू येतो, ‘टुक टुक टुक’, तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा, आणि शोधून मान दुखते. तुम्हाला तो समोर दिसेल: हिरवा, चिमणीपेक्षा जेमतेम मोठा, कपाळ लाल, आणि ओरडताना चोच मिटलेली, नुसता गळा फुगतोय. वाळलेली फांदी कोरून तो घर करतो. म्हणून सोसायटीत फांद्या छाटायला आले की मी खाली जाऊन उभी राहते आणि भोक पडलेली वाळकी फांदी, ती कुणाच्या डोक्यावर पडण्यासारखी नसेल तर, ठेवायला सांगते.

आमच्या बाल्कनीत दोन वर्षांपूर्वी जांभळ्या शिंजिराने (फुलांतला मध पिणारा इवलासा पक्षी) घरटं केलं, कपडे वाळत घालायच्या दोरीच्या टोकाला. सगळं काम मादीने केलं. कोळ्याची जाळी, वाळकी पानं, सालीचे तुकडे, कुठून तरी कागदाचा चिटोरा, असं लोंबतं घरटं, दार बाजूला आणि दारावर इवलीशी पडवी. नर समोरच्या तारेवर बसून गायचा, उन्हात निळा-जांभळा चमकायचा. आम्ही महिनाभर त्या दोरीवर कपडे घातले नाहीत आणि बाल्कनीचं दार सावकाश उघडत होतो. विणीचा हंगाम संपल्यावर तोच नर ओळखू येईनासा झाला. त्यांची चमक जाते, मादीसारखी फिकट पिसं येतात, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ उरते. लोक त्याला वेगळाच पक्षी समजतात. एक जास्वंद आणि शक्य असेल तर खाली शेवग्याचं झाड, एवढ्यावर शिंजीर वर्षभर येतो.

दाणे मात्र टाकू नका. हे मी कळवळून सांगतेय. सासूबाई रोज सकाळी कठड्यावर भात आणि ज्वारी ठेवायच्या, चिमण्यांसाठी. चिमण्या आठवडाभर आल्या, मग पारवे, म्हणजे आपली नेहमीची कबुतरं, आले आणि चिमण्या गेल्या. दीड वर्षात एसीच्या मागे घरटी, सगळीकडे विष्ठा, आणि सासूबाईंना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न कबुतरांचा विचारला. विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसाला कायमची इजा होऊ शकते. मुंबईत २०२५ साली कबुतरखाने बंद करण्यावरून जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हेच होतं. सासूबाईंना दाणे बंद करणं फार जड गेलं. त्यांच्यासाठी ती रोजची पूजाच होती. मग आम्ही त्यांना पाण्याचं काम दिलं. मातीचं पसरट परळ, दोन बोटं पाणी, मध्ये एक दगड म्हणजे छोट्या पक्ष्याला पाय टेकता येतो. रोज सकाळी घासून ताजं पाणी, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. पारवे आले तर त्या टाळी वाजवतात. बुलबुल, दयाळ, चष्मेवाला, शिंपी, आणि परत आलेल्या चार चिमण्या, हे सगळे त्या परळावर येतात. सासूबाई आता त्यांच्या वेळा मला सांगतात.

मुलीला वही द्या. रोज एकाच वेळी पंधरा मिनिटं, एकाच जागी. मोबाइलवर मर्लिन नावाचं ॲप आवाजावरून पक्षी ओळखतं आणि चांगलं ओळखतं, पण आधी तिला स्वतः ऐकून लिहू द्या की आवाज कसा होता, मग ॲप उघडा. वर्षभरात वही आपोआप पंचांगासारखी होते. आमच्याकडे थंडीत करडा धोबी गच्चीवर शेपूट हलवत फिरतो. फेब्रुवारीत काटेसावर फुलली की भोरड्या थव्याने येऊन तिच्यावर तुटून पडतात. हे पक्षी थेट मध्य आशियातून आलेले असतात. मेच्या शेवटी टेकडीवरून पावशाचं ‘पेरते व्हा’ ऐकू येतं. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, अरण्यलेखक मारुती चितमपल्ली आणि पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला आठवडा. तेव्हा पक्षी पाहायला नेणारी माणसं गावोगावी भेटतात. तिला न्याच.

दोन्ही जगं जिथे एकमेकांना भिडतात तिथे थोडं जपावं लागतं. पिंजरा बाल्कनीत एकटा सोडू नका. शिक्रा, कावळे, मांजर गजांतूनही पाय धरतात. पारव्यांची विष्ठा पडते त्याच्या खाली तर नाहीच नाही. खिडक्यांना जाळ्या बसवा. आणि कंटाळा आला म्हणून किंवा दया आली म्हणून बजरीगार सोडून देऊ नका. आमचा तिसरा पक्षी, पिवळी मादी, अशीच आली, मागे पाच कावळे आणि ती आमच्या ग्रिलला चिकटून थरथरत होती. तिला आकाश माहीत होतं, पण इथलं झाड, इथलं खाणं, इथले शत्रू काहीच माहीत नव्हतं. सोसायट्यांच्या ग्रुपवर फोटो टाकले, कुणी न्यायला आलं नाही. महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवून ती ठणठणीत आहे याची खात्री केली, मग जोडीत सोडली.

उलट, उन्हाळ्यात खाली टुणटुण उड्या मारणारं, पिसं फुटलेलं पिल्लू दिसलं तर मुलीला ते उचलून आणू देऊ नका. ते उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच कुठेतरी चोचीत किडा धरून तुम्ही जाण्याची वाट पाहत असतात. मांजर असेल तर फार तर जवळच्या झुडपावर ठेवा आणि दूर व्हा.

तर या रविवारी कुंभाराकडून परळ आणा, पक्षी नाही. दोन महिने पाणी तिने बदलायचं, वही तिने लिहायची. दोन महिन्यांनी ती अजूनही न सांगता सकाळी परळ घासत असेल, तर बजरीगारची जोडी आणा. तिला पक्षी सांभाळता येईल. आणि वहीत एखादा न ओळखता आलेला पक्षी आला तर मला जरूर विचारा. फोटो नसला तरी चालेल. चिमणीएवढा होता की साळुंकीएवढा, चोच कशी होती, शेपूट कशी हलवत होता आणि नेमकं काय करत होता, एवढं तिच्याच शब्दांत लिहून पाठवा.