आईला एमसीआय (वयाच्या मानाने जास्त विसरणं, पण अजून डिमेन्शिया नाही) निघालंय, डोक्याला मॅग्नेटवाली ट्रीटमेंट द्यावी का?

आई ७२ ची आणि क्लिनिकवाला टीएमएसचं पॅकेज गळ्यात मारतोय म्हणताय, तर पैसे भरायची घाई नको. टीएमएस म्हणजे डोक्यावर कॉइल धरून मॅग्नेटिक पल्स देतात, भूल नाही की चिरफाड नाही, पण अमेरिकेत एफडीएने २००८ ला ते पास केलं डिप्रेशनसाठी, विसरण्यासाठी नाही हां. एमसीआयमध्ये काही ट्रायल्सना थोडा फायदा दिसलाय, पण बऱ्याचशा छोट्या, आणि तो किती टिकतो ते पक्कं नाही. फिट्स, पेसमेकर, डोक्यात मेटल क्लिप असं काही असेल तर आधीच सांगा. मी तरी पहिले बी१२, थायरॉईड आणि कान चेक करेन, आमच्या काकूंचं अर्धं विसरणं ऐकूच न आल्यामुळे होतं! केईएमच्या न्यूरोलॉजी ओपीडीत सेकंड ओपिनियन घ्या, सकाळी लवकर निघा, लाइन मोठी असते.