तापली की बुजणारी जाळी

प्रश्न एका गृहनिर्माण सोसायटीच्या सचिव ताईंचा आहे. जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा अग्निसुरक्षेच्या उपकरणांचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यासाठी आलेल्या एजन्सीने इंग्रजी अहवाल दिला. त्यात मीटर रूमच्या फायर डोअरमधल्या ‘इन्ट्युमेसंट ग्रिल’बद्दल काही सूचना आहेत. रखवालदार, इलेक्ट्रिशियन आणि रंगारी यांना वाचता यावं म्हणून ताईंना मराठीत फलक लावायचा आहे. मसुद्यात त्यांनी ‘अग्निशामक दरवाज्यातील उष्णतारोधक व धूररोधक ग्रिल’ असं लिहिलंय. कोशात मूळ शब्दाला ‘सूज’ असा अर्थ सापडल्यामुळे ‘सुजणारी जाळी’ चालेल का, असंही त्या विचारतात.

ताई, तुमच्या मसुद्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द बदलावा लागेल. पण त्याआधी ती वस्तू नीट बघू.

मीटर रूममध्ये केबल आणि पॅनेल सतत तापत असतात, म्हणून तिथे हवा खेळती लागते. खोलीला खिडकी नसेल तर हवा येणार दारातूनच. पण दार आगीला अडवणारं असेल आणि त्यालाच भोक पाडलं, तर ते दार लावण्यात काही अर्थ राहत नाही. म्हणून त्या भोकात अशी जाळी बसवतात, जिच्या पट्ट्यांमध्ये तापल्यावर कित्येक पट वाढणारा पदार्थ असतो. एरवी पट्ट्यांच्या फटींतून हवा ये-जा करते. आगीची धग लागली की पदार्थ वाढून फटी भरून टाकतो आणि त्या जागी भिंत तयार होते. ना वीज लागते, ना बटण.

एका दाराच्या कारखान्यात मी हे जवळून पाहिलंय. कारागिराने जाळीचा कापून उरलेला तुकडा शिकंज्यात धरला आणि त्यावर हीट गन रोखली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बारीक चरचर ऐकू आली आणि पट्टीच्या कडेतून काळ्या, भुरभुरीत अळ्यांसारखं काहीतरी बाहेर यायला लागलं. बघता बघता बोटभर फट दिसेनाशी झाली. तो ग्रॅफाइटचा एक प्रकार होता. त्याच्या थरांमध्ये आम्लाचे रेणू कोंडलेले असतात. साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्यांचा वायू होऊ लागतो आणि थर एकमेकांपासून ढकलले जातात. गार झाल्यावर मी बोटाने दाबून पाहिलं. चुरा झाला, पण पट्टी पूर्वीसारखी झाली नाही. शब्द शोधताना हेच लक्षात ठेवायचं आहे: ही वाढ एकदाच होते आणि मागे फिरत नाही.

आता शब्द. ‘अग्निशामक’ म्हणजे आग विझवणारं. भिंतीवरचं लाल नळकांडं अग्निशामक, बंब घेऊन येतं ते अग्निशमन दल. दार काही विझवत नाही. ‘अग्निप्रतिबंधक’ हा शब्दही दारासाठी सर्रास वापरतात, कारण महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याच्या नावातच ‘आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना’ असं आहे. तिथे तो योग्यच आहे, कारण आग लागूच नये म्हणून करायच्या गोष्टीही त्या कायद्यात येतात. पण दाराचं काम आग लागल्यानंतर सुरू होतं: ठरलेला वेळ, म्हणजे ३०, ६० किंवा १२० मिनिटं, तिला अलीकडे रोखून धरायचं. रोखतं ते रोधक. म्हणून ‘अग्निरोधक दार’ म्हणा.

‘ग्रिल’ म्हटलं की आपल्याकडे खिडकीचे लोखंडी गज डोळ्यांसमोर येतात, चोर येऊ नये म्हणून लावलेले. इथे ‘जाळी’च बरी. ‘उष्णतारोधक’ तर अगदी उलटा अर्थ देतो. तो शब्द थर्मासला शोभतो. या जाळीला उष्णता लागल्याशिवाय ती कामाला लागतच नाही.

सूज हा अर्थ कोशकारांनी चुकीचा दिलेला नाही. मूळ लॅटिन क्रियापद सुजण्याचंच आहे, ‘ट्यूमर’ त्याच घराण्यातला, आणि इंग्रजीतही हा शब्द वैद्यकात शरीरावरच्या सुजेसाठी वापरला गेला. पण मराठीत सूज येते ती जिवंत अंगाला. पाय सुजतो, हिरडी सुजते आणि मग सूज उतरते. लोखंडाची पट्टी सुजली असं आपण म्हणणार नाही.

‘फुगणे’ जास्त जवळचं आहे आणि बरेच जण तेच वापरतील. पण मराठीत जे जे फुगतं ते नंतर बसतं. पोळी तव्यावरून उतरवली की बसते, पुरात फुगलेली नदी ओसरते, रुसून फुगलेले गाल खाऊ मिळाला की पूर्ववत होतात. ‘फुगणारी जाळी’ वाचून इलेक्ट्रिशियनला वाटू शकतं की थंड झाल्यावर ती पुन्हा उघडेल. ती उघडत नाही. एकदा काम झालं की नवीच बसवावी लागते.

मागे न फिरणाऱ्या वाढीसाठी मराठीत फार सुंदर शब्द आहे: लाही. माझी आजी टाकणखाराची, म्हणजे बोरॅक्सची, लाही करायची. लोखंडी पळीत पांढरा खडा टाकून पळी निखाऱ्यावर धरायची. खडा आधी पाघळायचा, मग तडतडून वर यायचा आणि पळीभर पांढरा, पोकळ, हलका फेस उभा राहायचा. तो कुस्करून मधातून तोंड आलेल्या मुलाला चाटवायची. (आता डॉक्टर हे करू नका म्हणतात आणि ते ऐकावं.) तुरटीचीही अशीच लाही होते. टाकणखाराच्या स्फटिकात एका रेणूमागे पाण्याचे १० रेणू बांधलेले असतात, तुरटीत १२. तापल्यावर त्या पाण्याची वाफ होते आणि बाहेर पडताना ती खड्याला फुलवते. या जाळ्यांच्या काही प्रकारांत सोडियम सिलिकेट वापरतात. त्याचंही असंच: आत धरलेल्या पाण्याची वाफ होते आणि फेस उभा राहतो. म्हणजे प्रयोगशाळेतल्या माणसाने त्या लांबलचक इंग्रजी शब्दात जे बांधलं, ते आपल्या स्वयंपाकघरात ‘लाही होणे’ या दोन शब्दांत कधीपासून बोललं जातंय. नागपंचमीच्या लाह्या आठवा. लाहीचा पुन्हा दाणा होत नाही.

त्यामुळे पदार्थाबद्दल तांत्रिक लेखन करायचं असेल तर मी बिनदिक्कत ‘लाही होणारा थर’ म्हणेन. ‘फुलणारा थर’ मात्र टाळेन. खडा फुलतो हे खरं, पण आगीच्या संदर्भात मराठी माणूस ‘निखारे फुलले’ असंही म्हणतो आणि तिथे फुलणं म्हणजे धगधगणं. आगीच्या फलकावर असा दुहेरी शब्द नको.

पण फलक वाचणाऱ्याला पदार्थाशी काय करायचंय? त्याला कळायला हवं की जाळीच्या भोकाचं काय होतं. आणि भोकासाठी मराठीत नेमकं क्रियापद आहे: बुजणे. टोचलेल्या कानात काही घातलं नाही तर भोक बुजतं. वापरात नसलेली विहीर गाळाने बुजते. कोणी मुद्दाम केलं तर बुजवणे, रस्त्यांवरच्या खड्ड्यांमुळे दर पावसाळ्यात पेपरात वाचतो ते. ‘बंद होणे’ म्हटलं तर पुन्हा उघडण्याची शक्यता उरते, दाराला आणि नळाला असते तशी. बुजलेलं भोक मुद्दाम उकरल्याशिवाय उघडत नाही. बुजण्याचा दुसरा अर्थ दचकून बिचकण्याचा आहे, घोडा बुजतो तसा. बुजगावण्याचं नातंही त्याच अर्थाशी लावतात. पण जाळीच्या बाबतीत त्या अर्थाशी घोटाळा व्हायचं कारण नाही.

म्हणून माझी सूचना: पहिल्यांदा पूर्ण लिहा, ‘आगीने तापल्यावर आपोआप बुजणारी जाळी’. पुढे नुसतं ‘बुजती जाळी’. ‘बुजती’ पहिल्यांदा कानाला खटकेल, पण ‘सरकता जिना’ आणि ‘फिरता चषक’ याच घडणीचे आहेत आणि आज ते कुणालाच अडत नाहीत. साइटवर लोक इंग्रजी शब्दच म्हणतील, म्हणून तोही देवनागरीत एकदा लिहून ठेवा, म्हणजे नवी जाळी मागवताना गोंधळ होणार नाही.

सर्वात महत्त्वाचं शेवटी ठेवलंय: ‘धूररोधक’. हा शब्द मसुद्यातून कृपा करून काढा. जाळी बुजते ती चांगली तापल्यावर. आगीच्या सुरुवातीला, केबलचं वेष्टण नुसतं जळू लागलेलं असताना जो धूर येतो, तो तुलनेने गार असतो आणि उघड्या फटींतून सरळ बाहेर येतो. माणसं गुदमरतात ती बहुधा याच धुराने. म्हणूनच पळायच्या जिन्यावर उघडणाऱ्या दाराला नुसती अशी जाळी पुरत नाही. धूर ओळखून लगेच मिटणारी वेगळी झडप सोबत लागते. तुमच्या मीटर रूमचं दार जिन्यातच उघडत असेल तर एजन्सीला हे आधी विचारा, फलक नंतर. ‘धूररोधक’ वाचून एखादा रखवालदार दारापाशी निर्धास्त उभा राहिला, तर ती चूक शब्दाची असेल.

फलकासाठी मी असं लिहीन:

‘अग्निरोधक दार. नेहमी लावलेलं ठेवा. दारातली जाळी आगीने तापल्यावर आपोआप बुजते. तिच्या फटींत कागद, चिंध्या कोंबू नका, तिच्यातून वायर ओढू नका, कार्यालयाला विचारल्याशिवाय रंग देऊ नका. ही जाळी सुरुवातीचा धूर अडवत नाही. धूर दिसला तर दार उघडू नका, लगेच खाली उतरा आणि १०१ ला फोन करा. बुजलेली जाळी पुन्हा वापरता येत नाही.’

‘फटींत कागद कोंबू नका’ हे अहवालात नसेल, पण घालाच. झुरळं येतात म्हणून अशा जाळीत वर्तमानपत्राचे बोळे ठासलेले मी स्वतः काढलेत.